मकसूदच्या गाडीचा मागचा ब्रेक

भिगवणात बातमी फिरली की मकसूदनं बारामतीच्या शोरूममध्ये मॅनेजरच्या टेबलावर चिलापी माशांची आख्खी पाटी ओतली. एकजण तर मॅनेजरला ओकताना बघूनही आला. सगळं खोटं. त्या दिवशी मकसूदच्या अंगावर खवलंसुद्धा नव्हतं, आणि एवढी काळजी त्यानं जन्मात पहिल्यांदा घेतली होती.

मकसूद मोटारसायकलवर मासळी लादून पार वडगाव निंबाळकरपर्यंत विकतो. गाडीच्या वॉरंटीचे बारा दिवस उरले होते आणि मागच्या ब्रेकची डिस्क वाकडी झालेली. पेडल दाबलं की पायाखाली धडधडायचं, मग चाक तापून जाम. पळसदेवहून येताना एकदा तो पाटीसकट आडवा झाला. तेव्हा बायकोनं, शबीनानं, सांगून टाकलं, "डिस्क बदलल्याबिगर मी मागं बसायची न्हाय."

पण माशाचं पाणी गळलेलं दिसलं की शोरूमवाले हात झटकतात, हे साऱ्या मासळीबाजाराला ठाऊक. म्हणून मकसूदनं पाटीचा सांगाडा काढला, शाम्पूनं गाडी तीनदा धुतली आणि सीटवर ईदचं अत्तर शिंपडलं. गल्लीतून विचारणा झाली, "मकसूद, गाडीचा निकाह हाय का?"

"व्हय. जेवायला या," म्हणत तो इस्त्रीचा कुर्ता घालून निघाला.

शोरूममध्ये मेकॅनिकनं चाक फिरवलं. डिस्क डोलताना दिसली. त्यानं वाकून वास घेतला आणि दोनदा शिंकला.

"वापर कसला?" मॅनेजरनं फॉर्म ओढला.

"घरगुती."

हे खोटंच होतं. पण ते पेनानं लिहूनही झालं. आता फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात मकसूदला दारात सर्जेराव दिसले. वडगावचे बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ. तीच गाडी, तोच दोष, आणि त्यांची डिस्क आत्ताच फुकट बदलून झालेली. त्यांची गाडी घरापासून दूध डेअरीपलीकडं जात नाही. मकसूदला वाटलं, एक साक्ष पडली की काम पक्कं.

आता हेही सांगायला हवं की दर बुधवारी हेच माळकरी सर्जेराव गोठ्यामागं उभं राहून मकसूदकडून मरळ मासा घेतात. माळ तेवढ्यापुरती खुंटीला असते.

"तात्या, सांगा की सायबांना," मकसूद हाक मारून म्हणाला, "तुमची बी डिस्क अशीच वाकली व्हती म्हणून."

शोरूममध्ये वडगावची आणखी दोन माणसं होती. सर्जेरावांनी माळेला हात लावला.

"मी वळकत न्हाय ह्यांना. आमच्यात मासं चालत न्हाईत."

मॅनेजरचं पेन थांबलं. "मासे? माशांचं कोण बोललं?"

सर्जेराव नवी डिस्क लावलेल्या गाडीवर बसले आणि मागं न बघता गेले. मॅनेजरनं 'घरगुती' खोडून वर लिहिलं, 'मासळी वाहतूक, वॉरंटी लागू नाही.' मकसूदनं सांगून पाहिलं की त्यांची डिस्क तर मासळीशिवायच वाकडी झाली. मॅनेजर म्हणाला, ते गिऱ्हाईक वेगळं, तुम्ही वेगळे.

बारा दिवस संपले. मकसूद पुढच्या ब्रेकवर, पाय जमिनीला घासत गाडी चालवतो. शबीना एस.टी.नं जाते. कुर्त्याला अजून अत्तराचा वास आहे, म्हणून तो त्यानं खुंटीवरून काढलेला नाही.

पुढच्या बुधवारी वडगावात वेशीजवळ पोचतोय तोच सर्जेरावांचा फोन आला. आवाज बारीक. "मकसूद, गोठ्यामागं ये की. मरळ हाय ना?"

मकसूद म्हणाला, "हाय तात्या. पर गोठ्याकडं उतार हाय आन् मला मागचा ब्रेक न्हाय. मी देवळाम्होरं चौकात उभा ऱ्हातो, पाटी उघडून. तितं या."