नववी 'अ'चा फोटो

"सावंत मॅडम, तो तक्ता पाहुणे यायच्या आत भिंतीवरून काढा," खैरनार सर म्हणाले. "आणि गाजावाजा न करता काढा."

साडेनऊ वाजले होते. दहाला गणित-विज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. खैरनार सर आमचे प्राचार्य. बदलापूर पूर्वेला, शिरगावच्या बाजूला आमची शाळा आहे आणि तिच्याच आवारात ज्युनिअर कॉलेज. दोन्हींचा कारभार तेच बघतात. मी तिथे अकरावीला स्टॅटिस्टिक्स शिकवते. त्याआधी सव्वीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाल्यावर सरांनीच बोलावून घेतलं. डिग्रीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास अकरावीतच करून घ्यायचा, अशी त्यांची योजना. माहितीपत्रकात शोभून दिसते.

पुस्तकातली नाणी आणि फासे बघून मुलं जांभया देतात. म्हणून मी त्यांना घरातलं आणि कंपनीतलं सांगायचे. सॅम्पल म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. टोप नीट ढवळायचा आणि चार ठिकाणची शितं बघायची. एकाच शितावर भरवसा ठेवला, तर त्याला सॅम्पल अपुरं म्हणतात. पण टोपातलं शीत न् शीत तपासलं, तर ते सॅम्पल राहत नाही. ती गणना. तिथे अपुरं-पुरेसं हा प्रश्नच येत नाही.

मग टक्केवारी. चांगले ड्रम भागिले सगळे ड्रम. आमच्या कंपनीत ऑडिटच्या आदल्या दिवशी एक सुपरवायझर रिजेक्ट झालेले ड्रम कॅन्टीनच्या मागे नेऊन ठेवायचा. मग उरलेले सगळे चांगलेच! एका वर्षी मीच ऑडिटरला म्हटलं, चला, चहा घेऊ, आणि थेट कॅन्टीनच्या मागे नेऊन उभं केलं. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात तिखटमीठ लावून सांगायचे. शेवटी म्हणायचे, "टक्केवारी दिसली की खालचा आकडा बघा. छेदात कोण आहे आणि कुणाला बाहेर काढलंय?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या की मलाही बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनासाठी मी प्रोजेक्ट दिला. आपल्या आसपासचा कुठलाही एक आकडा घ्या आणि तो कसा काढला ते तपासा. कुणी रिक्षाच्या फेऱ्या घेतल्या, कुणी नळाला पाणी येण्याच्या वेळा. प्रणाली भोईरने शाळेच्या गेटवरचा फ्लेक्स घेतला. 'दहावीचा निकाल सलग सहा वर्षे शंभर टक्के.'

प्रणाली जांभूळची. वडील एमआयडीसीत रिक्षा चालवतात. ती याच शाळेतून दहावी झालेली. तिने स्वतःच्या नववी 'अ'चा ग्रुप फोटो आणला आणि त्यातली डोकी मोजली. अठ्ठावन्न. दहावीच्या निकालाच्या यादीत त्या तुकडीची नावं सत्तेचाळीस. मधली अकरा मुलं कुठे गेली? तिने अकराही जणांना फोन केले. दोघांच्या वडिलांची बदली झाली होती, ते तिने प्रामाणिकपणे वजा केले. उरलेल्या नऊ जणांकडून शाळेने सतरा नंबरचा फॉर्म भरून घेतला होता.

हा फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याची सोय. ज्यांची शाळा काही कारणाने सुटली त्यांच्यासाठी ती आहे आणि चांगली आहे. आमच्याकडे तिचा उपयोग वेगळा. नववीत कच्चं दिसलेल्या मुलाच्या पालकांना ऑफिसात बोलवायचं. "इथे नापास होण्यापेक्षा बाहेरून बसवा, घरी निवांत अभ्यास होईल" असं सांगायचं आणि 'स्वखुशीने' या शब्दाखाली सही घ्यायची. मूल शाळेच्या यादीतून जातं. नापास झालं तरी फ्लेक्सला धक्का लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

प्रणालीच्या तक्त्यावर मधोमध तो फोटो होता. नऊ चेहऱ्यांभोवती पेन्सिलीने गोल. नाव एकाचंही नाही. खाली एकच ओळ: सत्तेचाळीस भागिले छप्पन्न, चौऱ्याऐंशी टक्के.

सव्वीस वर्षांत मी इतकं स्वच्छ काम थोडंच पाहिलं होतं.

"सर, यात चूक काहीच नाही," मी म्हटलं.

"चुकीचं कुठे म्हणतोय मी? पालक येणार आहेत, संस्थेचे लोक येणार आहेत. फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढणार आणि आत येऊन हे बघणार?"

"पण मुलीने मेहनत केलीय."

"तिची बहीण आपल्याकडे नववीत आहे ना? मानसी?" सर हळू आवाजात म्हणाले. "सतरा नंबरच्या यंदाच्या यादीत नाव आहे तिचं. पालकांना सोमवारी बोलावलंय. तुम्ही हे शांतपणे मिटवा, मानसीचं मी बघतो. आणि मॅडम, जूनमध्ये तुमचंही पत्र काढायचंय."

मला तिथे दरवर्षी जूनमध्ये नेमणुकीचं नवं पत्र मिळतं. ते वाक्य त्यांनी अगदी सहज, जाता जाता टाकलं.

मी तक्त्याजवळ गेले. प्रणाली तिथेच उभी होती, नवा ड्रेस घालून.

"प्रणाली, हा काढावा लागेल."

"का, मॅडम? गलत काय लिवलंय सांगा ना. आता दुरुस्त करते."

"गलत काही नाही गं."

"मग? मानसीसाठीच केलाय हा. सोमवारी बापसाला ऑफिसात बोलावलंय. ते सरांसमोर काय बोलणार? जिथे बोलतील तिथे सही करतील. सगळ्यांनी हे बघितलं तर सरांना जरा तरी शरम वाटेल."

"मानसीचं सर बघणार आहेत. माझ्याशी बोलणं झालंय."

"काय बोलले?"

"बघतो म्हणाले."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर ऑडिटरला कॅन्टीनच्या मागे नेलं होतं ना?"

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण तिचा आला. चोराच्या उलट्या बोंबा. मी तिच्या हातातली प्रोजेक्टची वही घेतली आणि लाल पेनने शेरा लिहिला: 'सॅम्पल अपुरे. निष्कर्ष काढता येत नाही.' खाली सही केली. तिने शेरा वाचला. स्वतःच टाचण्या काढल्या आणि तक्ता गुंडाळून घेतला. त्या जागी आम्ही वडापाव आवडणाऱ्या मुलामुलींचा रंगीत आलेख लावला. पाहुण्यांना तो फार आवडला.

सोमवारी तिचे वडील आले. मी मुद्दाम ऑफिसबाहेर थांबले होते. दहा मिनिटांत बाहेर आले. मला नमस्कार करून म्हणाले, "मॅडम, सर बोलले बाहेरून सोपं जातं. केली सही."

मी तशीच आत गेले. "सर, तुम्ही बघतो म्हणाला होता."

"बघितलं की. मार्क फारच कमी आहेत हो. एकीसाठी नियम कसा मोडणार?"

'बघतो' या शब्दाचा अर्थ मला नोकरीत पांढऱ्या झालेल्या केसांनी तरी सांगायला हवा होता. मी भांडले नाही. घरी जाऊन मात्र ढसाढसा रडले, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

मानसी घरी निवांत अभ्यास करत नाही. ती उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाते. फॉर्म भरलेला आहे, परीक्षेला बसेल की नाही ते घरात कुणालाच ठाऊक नाही. प्रणालीने बारावीला स्टॅटिस्टिक्स सोडलं. वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी होती. गेटवर फ्लेक्स नवा लागला. सहाच्या जागी सात. मला जूनमध्ये पत्र मिळालं.

विषय सोडण्याआधी प्रणालीने अकरावीचा शेवटचा पेपर माझ्याकडे दिला होता. त्यात दोन मार्कांचा प्रश्न होता: सॅम्पल अपुरे केव्हा म्हणतात? उदाहरण द्या. तिने व्याख्या अचूक लिहिली होती. उदाहरण मागच्या बाकावरच्या दोघांनाच विचारून अख्ख्या वर्गाचं मत ठरवण्याचं होतं, तेही बरोबर. त्याखाली एक ओळ जास्तीची होती. 'माझा प्रोजेक्ट हे याचे उदाहरण नाही. ते सॅम्पल नव्हते, सगळा वर्ग होता.'

मी दोनपैकी दोन मार्क दिले.

कंपनीत ड्रम दाखवताना मी शूर होते असं मला इतकी वर्षं वाटायचं. तिथे मी पर्मनंट होते, एवढाच त्याचा अर्थ. यंदा अकरावीला मी ती गोष्ट सांगितली नाही. नाण्यांनी आणि फाशांनीच सुरुवात केली. मुलं जांभया देतात. देऊ देत.