अंबिकाच्या आईला मीच बोलावलं होतं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, स्टाफरूममध्ये तर प्रश्नच नव्हता. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणारे मला फार चांगली समजतात — आणि ते आता सोसवत नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागात प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातली बरीचशी मुलं तेलुगू बोलणाऱ्या घरांतली. बाप यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. मी मूळची मंद्रूपची, घरात कन्नड बोलणारी. पहिलीत असताना पाणी मागायला गेले आणि तोंडातून कन्नड शब्द निघाला, तर अख्खा वर्ग हसला होता, गुरुजीसुद्धा. तेव्हापासून डोक्यात एक खूळ — मुलाचं घर शाळेच्या दाराबाहेर थांबता कामा नये. बोलायला किती छान वाटतं, नाही?

म्हणून तिसरीच्या वर्गात मी 'आमच्या घरचं काम' सुरू केलं. दर शनिवारी कुणाची तरी आई नाहीतर वडील यायचे आणि आपलं काम करून दाखवायचे. एकाचे वडील मागावरचं टॉवेलचं कापड घेऊन आले. एका आजीने कडक भाकरी कशी करतात ते दाखवलं. मुलं खूश, मी त्यांच्याहून खूश. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका फोन करून विचारायला लागल्या, तुम्ही हे कसं जमवता म्हणून. मी सांगायचे, अगदी रंगवून.

अंबिका पहिल्या बाकावर बसायची. एरवी तोंडाला कुलूप, पण पुस्तक हातात आलं की थांबायची नाही. तिच्या आईला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मी चिठ्ठी न देता अंबिकाकडेच निरोप दिला. शनिवारी आईला घेऊन ये, सूप, पानं, तंबाखू सगळं आणायला सांग, मुलांना खरं काम दिसू दे. निरोप दोनदा तिच्याकडून म्हणवून घेतला. तंबाखूसुद्धा — हे मीच म्हणाले. आमच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी आहे. ती रंगवताना मी तिथे उभी होते, शाळेच्या तंबाखूमुक्ती समितीत माझंच नाव आहे. मग डोक्यात कसं आलं नाही? नाही आलं, एवढंच. तोपर्यंत ती नुसती चूक होती.

शनिवारी आई आली, लग्नाकार्यात नेसायची साडी नेसून. मांडीवर सूप घेऊन बसली. पान कापलं, चिमूटभर तंबाखू घातली, बोटांनी वळलं, दोरा बांधला. मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती. अंबिका शेजारी उभी राहून आईचं तेलुगू मराठीत सांगत होती. पहिलीपासून ती माझ्याच वर्गात, पण तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात पर्यवेक्षक साहेब दारात आले.

त्यांनी सूप पाहिलं. वर्गात तंबाखू कुणी आणायला सांगितली, एवढंच विचारलं, तेही आवाज न चढवता. काय झालं असतं हो? एक नोटीस आली असती. चार लोकांत मान खाली गेली असती. मी म्हणाले, मला माहीत नाही सर, या आपणहून आल्यात. किती पटकन आलं ते! मी अडखळलेसुद्धा नाही.

अंबिकाने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे.

"बाईंनी न्हाय सांगितलं सर. मीच आईला खोटं बोलून आणलं."

आठ वर्षांची पोर. ती मला वाचवत होती — आणि मी तिला वाचवू दिलं.

आईला तेवढं मराठी कळलं. तिने भरल्या वर्गात लेकीच्या पाठीत दोन धपाटे घातले, सूप पदराखाली झाकलं आणि निघून गेली. मी तिचा हात धरला नाही. साहेब गेल्यावर मुलांना पाढे म्हणायला लावले.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललेही असते. पण अजून आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अंबिका शाळेत आली नाही. पंधरा दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. मुलांच्या घरांविषयी एवढं बोलणारी मी — त्या गल्लीत पहिल्यांदाच पाय ठेवत होते. एकच खोली. अंबिका खाली बसून विड्यांना दोरे बांधत होती. आईने मला खुर्ची दिली, चहा केला, आणि समोर बसून मोडक्यातोडक्या मराठीत सरळ विचारलं.

"बाई, तुमी बोलावलं हुतं का मला? घरी ही रोज तसंच म्हणती. शाळेत म्हणली, खोटं बोलून आणलं. हिचं कुटलं खरं धरू? शाळेत जाऊन असलंच शिकणार असंल तर कशाला पाठवू?"

तिथे साहेब नव्हते. नोटीस नव्हती. फक्त 'हो' म्हणायचं होतं आणि पोर दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात आली असती. हे मला तेव्हा लख्ख कळत होतं. अंबिकाचे हात थांबले होते.

"लहान आहे हो," मी म्हणाले, "मुलं बोलतात असं कधीकधी."

आईने मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं. अंबिका रडली नाही. तिने पुढची विडी उचलली. मी चहा प्यायले, सगळा प्यायले, आणि छान झालाय म्हणाले.

भित्री म्हणू का स्वतःला? पण त्या खोलीत भ्यायचं कुणाला होतं? मला फक्त त्या बाईच्या नजरेतही चांगलं राहायचं होतं. तेवढ्यासाठी मी एका मुलीला तिच्या आईसमोर खोटं पाडलं.

ती परत आली नाही. मी शाळेत जाऊन शाळा सोडलेल्या मुलांच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे कारण लिहिलं : 'गृहभेट घेतली. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटत नाही.' आणि खाली सही केली.