बहिणीचं इंग्रजी

मी बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि स्वतःच्या बहिणीला मुकी केली. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले.

ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान. नवरा गेला तेव्हा कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती, पदरात चार वर्षांची मुलगी. दोघी माझ्याकडे राहायला आल्या. इंग्लंडमध्ये नर्स हव्यात हे तिला वॉर्डातल्या मैत्रिणीकडून कळलं. मुलीला घेऊन जाता येईल, स्वतःच्या पायावर नीट उभं राहता येईल, एवढंच तिच्या डोक्यात. फक्त इंग्रजीची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती.

"तू हाईस की घरात, दादा. मला क्लास कशाला?" ती म्हणाली, आणि मी फुगलो.

ड्युटीवरून आली की चहा घेऊन ती माझ्यासमोर बसायची. मी शाळेतलीच पद्धत लावली. चूक झाली की पेनानं टेबलावर टक. टक म्हणजे वाक्य पुन्हा पहिल्यापासून. 'बट'नं वाक्य सुरू केलं, टक. 'आय विल' म्हणाली, टक. स्वतःबद्दल बोलताना 'शॅल'च पाहिजे. एकदा ती सांगत होती की डॉक्टरांनी एका पेशंटचं ऑपरेशन 'प्रीपोन' केलं, म्हणजे ठरल्या दिवसाच्या आधीच घेतलं. असा शब्दच इंग्रजीत नाही म्हणून मी तिला दहा मिनिटं झापलं. पेशंटचं पुढं काय झालं ते विचारलंच नाही.

हे सगळे नियम मला माझ्या मास्तरांनी दिले होते, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. खुद्द इंग्रज काय बोलतात हे बघायला आमच्यापैकी कुणीही गेलं नव्हतं.

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. मी टकटक वाढवली. दुसऱ्यांदाही तेच. वॉर्डातली ती शिरोळची मैत्रीण मात्र पास होऊन इंग्लंडला गेलीसुद्धा. तिचं इंग्रजी मी ऐकलं होतं. माझ्या वर्गात तिला बाकावर उभी केली असती. "तिचं नशीब," मी म्हणालो.

शेवटी तिनं राजारामपुरीत क्लास लावला. महिन्याभरानं तिथल्या तरुण बाईंनी मला बोलावून घेतलं.

"सर, ताईंना सगळं येतं. पण प्रत्येक वाक्यानंतर थांबतात. कशाची तरी वाट बघतात."

कशाची ते मला ठाऊक होतं. तरी नाक वर करून मी विचारलं, की तुम्ही नियम शिकवता की नाही? त्यांनी मोबाईलवर शब्दकोश उघडून पुढं केला. 'प्रीपोन' त्यात होता. 'शॅल'चा आग्रह आता इंग्लंडातही कुणी धरत नाही, आणि 'बट'नं वाक्य सुरू करायला तिथं कधी बंदीच नव्हती, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. भाषा कधीच पुढं निघून गेली होती. मी बावीस वर्षं राखण करत होतो ती रिकाम्या शेताची. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन मी बहिणीची माफी मागितली. "आता बिनधास्त बोल, कशीही बोल," म्हणालो. ती बोलायला लागली, चार शब्दांवर थांबली आणि माझ्या हाताकडे बघायला लागली. हात रिकामा होता. तरी थांबलीच.

तिसऱ्यांदा तिनं फॉर्म भरला नाही. "न्हाय जमायचं आता," एवढंच म्हणाली. अजून त्याच दवाखान्यात आहे. मैत्रिणीचा तिकडून फोन आला की आत जाऊन बोलते.

भाची आता नऊ वर्षांची आहे. परवा बाल्कनीत मैत्रिणीशी इंग्रजीत बडबडत होती. अर्धं चूक, अर्धं मराठी, पण भरधाव. मला इतकं कौतुक वाटलं की मी दारात जाऊन उभा राहिलो. खरंच, नुसतं ऐकायला. मला बघून पोरगी गप्प झाली.

बहीण आतून आली. दोघींना खाली खेळायला पाठवलं. आवाज चढवला नाही, रागानं बघितलंही नाही.

"दादा," म्हणाली, "हिला तेवढं सोड की."