काश्यप गोत्राचा गिटारवाला

मैत्रिणींनो, अजून छातीत धडधडतंय. सकाळी मी नदीच्या अमृतराव घाटावर स्नानाला गेले, तर काळे टीशर्ट घातलेली पोरं हमसून हमसून रडत होती. त्यांत आमची लेक मुक्ता! मला वाटलं, कुणी बुडालं.

“आई, आमच्या आवडत्या बँडचा बेस गिटारवाला गेला गं. विलायतेतला. त्याला पाणी द्यायचंय.”

घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, “गोत्र?”

मुक्ताचा चेहरा पडला. “ते कुठे ठाऊक? म्हणजे पाणी देता नाही येणार?”

“अगं, ठाऊक नसलं की काश्यप म्हणायचं,” गुरुजी म्हणाले.

मी हादरलेच. काश्यप तर आमचं गोत्र! म्हणजे त्याचं सुतक आम्हालाच की!

पोरांनी पाणी सोडलं. मीही मुकाट्याने त्याच्या नावाने आणखी एक बुडी मारली.

आता सांगा, संध्याकाळी देवापुढे दिवा मी लावू, की शेजारणीला सांगू?