आत्याचं खोटं दुखणं

मंचरच्या त्या वर्गात आम्ही बावीस जण होतो, आणि आपण नेमकं काय शिकतोय हे घरी धड सांगणं आमच्यातल्या एकालाही जमत नव्हतं. फिजिशियन असिस्टंट. शेजारचे विचारायचे, "म्हंजे नर्स का?" नाही. "मग डॉक्टर?" तेही नाही. शेवटी आमच्या पेठ गावात मी सगळ्यांना एकच सांगायला लागले: डॉक्टरांच्या आधी आपण पेशंटशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि काय सापडलं ते डॉक्टरांपुढे नीट मांडायचं. वडील म्हणाले, "म्हंजी दलालच की!" ते टोमॅटो लावतात आणि बाजारात दलालामार्फत विकतात, त्यांना दुसरा शब्द सुचला नाही.

मला मात्र त्या वर्गाचं वेड लागलं होतं. सकाळची एसटी चुकू नये म्हणून मी भाकरी हातात घेऊन पळायचे. शिकवायला एक मॅडम होत्या. डोंगरातल्या सरकारी दवाखान्यांत आयुष्य काढून निवृत्त झालेल्या डॉक्टर. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला फक्त विचारायला शिकवलं. काय होतंय, कधीपासून, झोप कशी, जेवण कसं, काम काय करता. "कामाचा प्रश्न तुम्ही विसरणार," त्या म्हणायच्या, "सगळेच विसरतात."

माझ्या बाकावर नारायणगावची एक मुलगी बसायची. घरचं कापडाचं दुकान. तिचे पणजोबा मारवाडातून आलेले, पण हिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. लहानपणापासून गल्ल्याशेजारी बसून तिला माणसं वाचायची सवय लागली होती. गिऱ्हाईक "बघतो" म्हणतं तेव्हा घेणार आहे की जाणार आहे, हे तिला कळायचं.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकानं गावाकडचं एक माणूस आणायचं. मी त्याला खोटं दुखणं शिकवीन. बाकीच्यांनी विचारून ते ओळखायचं. ज्याचा पाहुणा, त्यानं मात्र मागं गप्प बसायचं."

मला लगेच आत्या आठवली. वडिलांची थोरली बहीण. वडील शेतीला लागले तरी तिनं मेंढरं सोडली नाहीत. तेव्हा तिचा वाडा येडगाव धरणाच्या कडेला होता, म्हणजे मेंढरांभोवती लावलेली जाळी आणि शेजारी पाल. नकला करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मी फोन केला.

"आत्या, एक दिवस आजारी पडायचंय."

"कुनाला?"

"तुला."

"पडते की. जेवान हाय का?"

ती हिरवं नवं लुगडं नेसून आली. मॅडमनी तिला शेजारच्या खोलीत नेऊन समजावलं: तीन दिवस झाले, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, एक उलटी झाली. आत्या दारातून बाहेर आली तीच कमरेत वाकून, पोट धरून. वर्ग खदखदला. विचारायची पाळी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीची होती.

"मावशी, काय त्रास होतोय?"

"प्वाट! आगं आई गं, नुसती सुरी फिरतीय बघ."

"कधीपासून?"

"तीन दिस," आत्या म्हणाली आणि पाठ नीट झाल्याच्या अभिमानानं माझ्याकडे बघितलं.

"उलटी? जुलाब?" उत्तरं बिनचूक येत होती. मग मैत्रिणीनं विचारलं, "ताप येतो का?"

हे मॅडमनी पढवलं नव्हतं. आत्यानं पोटावरचा हात काढला.

"ताप व्हय? येतो की. सांजचा येतो, रातचा घाम फुटतो न् जातो. चार दिस काय न्हाई. मंग परत हायेच."

"असं किती दिवस चाललंय?"

"झालं आसंल दीड-दोन म्हैनं."

मागची मुलं फिदीफिदी हसली. तीन दिवस कुठं, दोन महिने कुठं! "आत्या डायलॉग विसरल्या," कुणीतरी कुजबुजलं. मीही हसले, ते खोटं कशाला सांगू. पण मैत्रिणीचं पेन थांबलं होतं. ती पुढं झुकून हळू म्हणाली, "मावशी, हे मॅडमनी सांगितलेलं, का तुमचं स्वतःचं?"

"प्वाटाचं त्यांचं," आत्या म्हणाली, "तापाचं माझं."

मॅडमनी नुसत्या हातानं खूण केली, चालू ठेव.

"अजून काही दुखतं?"

"कंबार लई धरती. गुडगं बी. आता वय झालं, बाई."

"कुणाला दाखवलं?"

"कशाला? गोळी घेतली, उतरला."

मैत्रिणीनं वहीतल्या यादीवर बोट फिरवलं. "काम काय करता?"

"मेंढरं हायती आमची."

इथं ती अडकली. जन्मात मेंढीला हात न लावलेली मुलगी मेंढ्यांबद्दल काय विचारणार? तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जनावरांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा धडा मी आत्याच्या मेंढ्यांमुळे दोनदा वाचला होता. गप्प बसायचा नियम मोडून मी उठले.

"आत्या, यंदा मेंढ्या गाभडल्या का? दिवस भरायच्या आधीच कोकरं पडली का?"

"सात-आठ तरी. का गं?"

"अडलेलं कोकरू कोण ओढतं?"

"मीच. दुसरं कोन हाय?"

"हातानंच?"

"मंग काय पायानं?"

"आणि कळपातल्या शेळीचं दूध अजून कच्चंच पितेस?"

"धारंचं दूध त्ये, त्याला काय व्हतंय!"

"मॅडम, ब्रुसेला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"निदान ओरडायचं नसतं," मॅडम म्हणाल्या, पण त्याही खुर्चीवरून उठल्या होत्या. "इथं या दोघी. रीतसर मांडा."

आम्ही फळ्यापुढे उभ्या राहिलो. वय, काम, ताप, घाम, सांधे, गाभडलेल्या मेंढ्या, कच्चं दूध. मी एक वाक्य बोलायची, मैत्रीण पुढचं. इतके दिवस पुस्तकातले पेशंट मांडले होते, पण हा खरा होता, समोर बसून पान खात होता. मॅडम म्हणाल्या, "असू शकतं. टीबीही असू शकतो. रक्त तपासल्याशिवाय काही बोलायचं नाही." त्यांनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच दुपारी आम्ही आत्याला दवाखान्यात नेलं. ती भयंकर चिडली. "खोटं आजारी पडायला आलते, न् खरी सुई टोचली!"

रिपोर्ट आला तो मॅडमनी वर्गातच वाचला. ब्रुसेलाच, मेंढ्यांकडून आलेला ताप. सगळा वर्ग ओरडला, कुणी बाकं बडवली. मैत्रिणीनं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी उड्या मारायला लागलो. मग एकदम माझ्या लक्षात आलं, की मी माझ्या आत्याच्या आजारावर नाचतेय. मी खाली बसले. मॅडमनी ते पाहिलं असावं.

"आनंद झाला, होऊ दे," त्या म्हणाल्या. "रोग सापडला म्हणजे औषध सापडलं. फक्त तिच्याकडे जाताना हा चेहरा घेऊन जाऊ नका."

रविवारी आम्ही दोघी वाड्यावर गेलो. डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या सहा आठवडे लिहून दिल्या होत्या. मैत्रिणीनं कुत्र्यांकडे एक डोळा ठेवून आत्याला सगळं समजावलं: ताप गेला तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, दूध उकळूनच प्यायचं, कोकरू ओढताना हातमोजे घालायचे.

"हातमोजं? मेंढी हसंल मला," आत्या म्हणाली. पण घेतले.

तिसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून तिनं गोळ्या बंद केल्याच. मैत्रिणीनं फोनवरच्या आवाजावरून ते ओळखलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करायला लागली. आत्या माझ्याकडे तक्रार करायची, "तुज्या त्या मैतरणीला दुकानात काय काम न्हाई का?" तक्रार करायची, पण गोळी घ्यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन मेंढ्यांचंही रक्त नेलं आणि लागण झालेल्या मेंढ्या कळपातून वेगळ्या काढल्या. त्याचं तिला स्वतःच्या तापापेक्षा जास्त वाईट वाटलं.

गोळ्या संपल्या त्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो, तर धरणाच्या कडेला वाडा नव्हता. कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवायला ती निघाली होती. तासभर विचारत विचारत गेल्यावर कळप दिसला आणि सगळ्यात पुढे काठी खांद्यावर टाकून आत्या, झपाझप. आम्ही हाका मारत पळायला लागलो. ती वळली, हसली आणि चालतच राहिली.

"मावशी, थांबा की जरा!" मैत्रीण धापा टाकत ओरडली. "कंबर कशी आहे ते तरी सांगा!"

"थांबायला टाईम न्हाई," आत्या लांबून म्हणाली. "चालता चालता इचारा!"