अंगठ्याचा साक्षीदार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पण आधी बाईंबद्दल सांगतो. त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. समोरच्याची परवानगी घेतल्याशिवाय त्याला किती वाजले हेसुद्धा विचारणार नाही, असं अख्ख्या जयपुरात एकच माणूस होतं, आणि ते सोडाला भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहत होतं. आम्ही त्यांना वरच्या बाई म्हणायचो. वडील लष्करात, बालपण इथल्याच छावणीत, त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीचा हात धरून चालायचं. देहविक्री करणाऱ्या बायकांचं आरोग्य हा त्यांच्या संशोधनाचा विषय. गुप्तरोग, गर्भपात, पोलिसांचा मार हे शब्द त्या भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात उच्चारायच्या, आणि त्या आमच्याकडे चहाला बसल्या की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

परवानगीचं त्यांना व्यसनच होतं. प्रत्येक बाईला त्या संमतिपत्र वाचून दाखवायच्या: उत्तर दिलं नाही तरी चालेल, मधेच उठून गेलं तरी चालेल, कारण सांगायची गरज नाही. हे इतकं अंगात मुरलेलं, की दूधवाल्यालाही म्हणायच्या, "भैया, पानी मिलाते हो क्या? जवाब न देना आपका हक है." तो आपला हक्क रोज बजावायचा. कंडोमची पाकिटं बायकांना उघड नेता येत नाहीत, म्हणून त्या ती घेवर या इथल्या मिठाईच्या रिकाम्या डब्यांतून द्यायच्या. एका तीजेच्या सणाला त्यातला एक डबा चुकून आमच्याकडे आला, आणि हिनं तो साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांपुढे उघडून धरला. सासऱ्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "इकडं गोडाचं काही निराळंच दिसतंय." बाई धावत खाली आल्या. माफी मागून झाल्यावर जाता जाता म्हणाल्या, "काका, मतलब, ठेवायचा असेल तर ठेवा."

ज्या बायकांना सही येत नाही, त्यांच्या अंगठ्याशेजारी एका तिऱ्हाइताची सही लागते. संमतिपत्र खरोखर वाचून दाखवलं, एवढंच त्यानं पाहायचं आणि प्रश्न सुरू व्हायच्या आत उठायचं. बाईंनी मला धरलं. "तुम्ही विम्यातले. सही करायच्या आधी वाचणारा माणूस पाहिजे मला." पहिल्याच दिवशी मी गुप्ततेच्या कागदावर सही केली. वाचून केली.

खरं नाव कुणाचंच लिहायचं नाही, जिनं तिनं हवं ते घ्यायचं. एक जण म्हणाली, "कलेक्टर लिखो, बाईसा. कलेक्टर का अंगूठा किसने देखा होगा!" आणि स्वतःच हसली. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. मीही तिला ओळखलं. गोपालपुऱ्यात माझी भाची कोचिंगसाठी ज्या हॉस्टेलात राहायची, तिथं ती सकाळी पोळ्या करायची. तिचं हसू गेलं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "अपने ही आदमी हैं." मग तिनं अंगठा टेकवला.

पुढं आमच्या इमारतीची बैठक झाली, बाईंना न बोलावता. वर येणाऱ्या बायका कोण, हे एव्हाना साऱ्यांना कळलं होतं आणि जो तो नाक मुरडत होता. बैठकीत मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "मेहनत करने वाली औरतें हैं जी," मी म्हणालो, "एक तो गोपालपुरा में लड़कियों के हॉस्टल में रोटी बनाती है." आणि कुणी विचारलं तसं हॉस्टेलचं नावही सांगितलं. आपण बाईंची बाजू घेतोय असं मला वाटलं. खरं सांगायचं तर खोलीभर माणसं पहिल्यांदाच माझ्याकडे वळून पाहत होती, आणि ते मला गोड लागलं.

आठवड्याच्या आत तिला हॉस्टेलातून काढलं. ती पुन्हा वर आली नाही. तिच्या तपासणीत दुखणं निघालं होतं, औषधं घेवरच्या डब्यात भरून ठेवली होती. तो डबा बाईंच्या टेबलावर तसाच पडून राहिला.

बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. एकदा रिक्षात त्यांची पिशवी राहिली होती. आपल्याच टिपणात हॉस्टेलचा उल्लेख असणार आणि तो कुणीतरी वाचला असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. वरिष्ठांना तसं लिहून दिलं आणि काम थांबवलं. मी भीतभीत विचारलं, "दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर?"

"कोण सांगणार? खोलीत ती, मी आणि तुम्ही. तुमच्यावर शक घेतला, तर माझ्याकडे उरलं कोण?"

मी चहा संपवला आणि खाली आलो.

आता त्या आमेरला भावाकडे राहतात. कुणाला काही विचारतच नाहीत म्हणे. दिवाळीला फोन मात्र येतो. "दोन मिनिटं बोलू का? नाही म्हटलं तरी चालेल." मी बोला म्हणतो, आणि तब्येतीचं बोलून ठेवून देतो. बसनं तासाभराचं अंतर आहे. दोनदा स्टॉपपर्यंत जाऊन परत आलो.

त्या पोळ्या करणाऱ्या बाईची माफी मागायची आहे, पण ती कुठं आहे हे मला ठाऊक नाही. वरच्या बाई कुठं आहेत ते ठाऊक आहे. पिशवीतून काही गेलं नव्हतं, मी बोललो होतो, एवढं मला त्यांना सांगायचं आहे. ते अजून राहिलेलं आहे.