बागेसमोर

माझा पत्ता लिहायला सोपा आहे. घराचा नंबर, मग 'बागेसमोर', मग कॉलनीचं नाव. आधार कार्डावर तसंच आहे, गॅसच्या पुस्तकावर तसंच आहे, पोराच्या लग्नपत्रिकेवरही तसंच छापलं होतं. रिक्षावाल्याला 'बागेसमोर' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. यात खोट एवढीच की बाग नाही. कधीच नव्हती.

हा पत्ता मीच लावला. लग्नाला थोडीच वर्षं झाली होती, कडेवर पोरगं होतं आणि अक्कल यायला बराच अवकाश होता. सिल्लोडहून येऊन आम्ही तेव्हाच्या औरंगाबादेत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. प्लॉट विकणाऱ्यानं शहराच्या कडेला जीप उभी केली आणि बॉनेटवर निळसर नकाशा पसरला. सगळे प्लॉट पेढ्यांच्या बॉक्ससारखे एकाला एक चिकटलेले, आणि मधोमध एक मोठा चौकोन. त्यात गोल गोल झाडं काढलेली.

"ही बाग," तो म्हणाला. "शहराच्या आराखड्यात आरक्षण आहे. इथं कुणी वीट ठेवू शकत नाही."

आमच्या ह्यांनी विचारलं, पाण्याची सोय काय, रस्ता किती फुटी. रास्त प्रश्न होते. मी विचारलं, "झाडं कसली आहेत?"

त्यानं नकाशाकडं निरखून पाहिलं. "सगळ्या प्रकारची," म्हणाला.

झालं. ह्यांना विहिरीजवळचा प्लॉट हवा होता, मी हटून बसले. डावीकडून तिसरं झाड मी तिथंच स्वतःसाठी राखून ठेवलं. त्याच्याखाली संध्याकाळी बसायचं, पोरगं झोक्यावर, आपण स्वेटर विणतोय. मला स्वेटर विणता येत नव्हता. या गावात स्वेटर लागतो तरी किती दिवस, हेही त्या बाईच्या डोक्यात आलं नाही. आज ती बाई मला भेटली तर मी तिला त्याच जीपमध्ये बसवून परत सिल्लोडला पाठवीन.

घर बांधताना तिनं पश्चिमेला भिंतभर खिडकी मागितली. गवंडी म्हणाला, "बाई, इकडून ऊन लई येतं, भाजून निघाल."

"समोर बाग होणार आहे," मी म्हटलं.

त्यानं समोर पाहिलं. बाभळीची झुडपं होती आणि दोन गाढवं. मग त्यानं खिडकी बसवली. तेव्हापासून आजवर दर उन्हाळ्यात मी त्या खिडकीत भाजते आहे आणि रोज तिच्या गजांवरची धूळ पुसते आहे. माहेरची माणसं आली की भाचरं विचारायची, "मावशी, घसरगुंडी कुठंय?" मी सांगायची, "काम चालू आहे." ती भाचरं आता आजोबा झालीत.

बाग झाली नाही, पण आम्ही तिथं जायला लागलो. आमची घरं अशी भिंतीला भिंत लागून की शेजारचा शिंकला तर आपण रुमाल शोधावा. आकाश म्हणून जे काही होतं ते त्या मैदानातच. उन्हाळ्यात कुरडया आणि सांडगे तिथं वाळले. पाण्याचा टँकर तिथंच उभा राहिला. जयंतीचं जेवण तिथं आणि गणपतीचा मांडवही तिथंच. समोरच्या ओळीत राहणाऱ्या सिस्टरनं एका कोपऱ्यात कडुनिंब लावला आणि वापरलेल्या पाण्याच्या बादल्या ओतून जगवला. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिला नावानं कुणीच हाक मारत नाही, तिचे मालक, आमचे भाऊ, तेसुद्धा मारत नसत.

आता तर त्यांना हाक मारताही येत नाही. भाऊंना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. त्यांच्या घरात त्यांची खाट जिथं बसते त्या खोलीला खिडकीच नाही. सिस्टर रोज संध्याकाळी त्यांना चाकाच्या खुर्चीतून त्या कडुनिंबाखाली आणते. आम्ही चार-पाच बायका प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन भोवती बसतो आणि कॉलनीतल्या सगळ्या सुनांची उणीदुणी काढतो. भाऊ ऐकतात. त्यांना मजा वाटली की डावा डोळा बारीक होतो. दिवसभरात त्यांचं बोलणं तेवढंच.

तर एका सकाळी तिथं दोन माणसं तिपाई लावून मोजणी करायला लागली. एक जण चुन्याची फक्की ओढत होता आणि ती रेघ नेमकी कडुनिंबाच्या बुंध्यावरून गेली. मी त्यांना बोलावून आलं घातलेला चहा पाजला. चहा प्यायलेला माणूस खोटं बोलत नाही असं नाही, पण निघून जायला त्याला अवघड होतं.

"काय चाललंय बाबा? बाग होणार का?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "नाय आजी. आरक्षण उठतंय. वर फ्लॅट, खाली दुकानं होणार."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"पेपरात आलंय की."

आलं होतं. सुनेनं मोबाइलवर शोधून दाखवलं. मुंगीएवढ्या अक्षरात गट क्रमांक, क्षेत्र, 'उद्यान' या वापरातून 'निवासी तथा वाणिज्य' या वापरात बदल. कॉलनीचं नाव नाही, 'बागेसमोर' नाही, कडुनिंब नाही. स्वतःच्या घराखालच्या जमिनीचा गट क्रमांक या कॉलनीत कुणाला पाठ आहे? मला नाही. त्या कागदाला आमची जागा एका आकड्यानं माहीत होती आणि आम्हाला तिच्या सावलीनं. दोघांची गाठ पडू नये अशीच ती सूचना लिहिली होती, हे मी आज शपथेवर सांगते.

हरकत घेण्याची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. "आई, मुदतीत कुणी बोललं नाही तर हरकत नाही असं धरतात," सून म्हणाली.

"आणि बांधकामाच्या परवानगीचं?"

"ते आता लई सोपं केलंय. अर्ज टाकायचा. ठरलेल्या दिवसांत कार्यालयानं उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं."

"म्हणजे कार्यालय गप्प बसलं तरी त्याला हो, आणि आपण गप्प बसलो तरी त्यालाच हो?"

सुनेनं मोबाइलवर पुन्हा पाहिलं. "व्हय," म्हणाली. "तसंच."

याला सुधारणा म्हणतात. पूर्वी कार्यालयात खेटे घालावे लागत, टेबलामागून टेबल फिरावं लागे, हे खरं. पण निदान टेबलामागं एक तोंड असायचं आणि त्या तोंडाला बोलता यायचं. आता पोर्टल आहे. पोर्टलनं मला विचारलं, हरकतदाराचा प्रकार कोणता: जमीनमालक, संस्था, की इतर? सून म्हणाली, "आई, तुम्ही इतर." आयुष्य काढलं त्या खिडकीत, आणि मी इतर. सिस्टर इतर. भाऊ इतर. ज्यानं ती जमीन विकत घेतली, तो एकटा तेवढा माणूस. तो कोण, हे मला आजही माहीत नाही. त्यानं आम्हाला तोंड दाखवलेलं नाही.

सुनावणीला बोलावलं. सिस्टर आणि मी इस्त्रीच्या साड्या नेसून गेलो. अर्जदाराकडून एक तरुण आला होता, लॅपटॉप घेऊन. त्यानं भिंतीवर फोटो दाखवले. आमचं मैदान, पांढरं पडलेलं, ओस, कोपऱ्यात एक झाड. "सदर भूखंड वर्षानुवर्षं विनावापर पडून आहे," तो म्हणाला.

"फोटो कधी काढलास बाळा?" मी विचारलं.

"मे महिन्यात, आजी."

"दुपारी ना? त्या वेळी तुझ्या घराच्या गच्चीचा फोटो काढ. तीही पडीकच दिसेल. संध्याकाळी यायचंस, तुला आम्ही कुरडई तळून दिली असती."

लोक हसले. सुनावणी घेणारे साहेबही हसले. साहेब फार सभ्य होते. त्यांनी मला पाणी मागवलं, बसून बोला म्हणाले. त्या सभ्यपणाचा मला आज जास्त राग येतो. कुणी खेकसलं असतं तर मी भांडले तरी असते.

मग त्यांनी विचारलं, "पण आजी, इतकी वर्षं बाग झाली नाही तेव्हा तुम्ही कधी तक्रार केलीत का? तुम्ही सगळे गप्पच होतात ना?"

यावर माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून आणलेलं नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी देवघरातला खडीसाखरेचा खडा चोरून तोंडात टाकला होता. चांगला बोराएवढा. पाहुणे वेळेआधी आले. त्यांनी विचारलं, मुलीला काही बोलायचं आहे का? मला तोंड उघडता येईना. काका म्हणाले, मुलगी गप्प आहे, म्हणजे पसंत आहे. तिथंच सुपारी फोडली. नवरा चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण विचारलं कुणी नव्हतं, साहेब. खडा विरघळायची वाट कुणी पाहिली नव्हती. तसंच हे. बाग होईल म्हणून आम्ही गप्प होतो. बाग नको म्हणून नाही."

सगळं दालन हसलं. लॅपटॉपवाला पोरगाही हसला. मग सिस्टर उठली आणि तिनं भाऊंबद्दल सांगितलं. "माझे मालक बोलत नाहीत," ती म्हणाली, "पण त्यांचं कुठलं गप्प बसणं हो आहे आणि कुठलं नाही, ते मला कळतं. तुम्ही एकदा येऊन त्यांना विचारून बघा." कुणी हसलं नाही. साहेबांनी मान डोलावली, लिहून घेतलं.

परत येताना मी रिक्षात गाणं म्हणत होते. सिस्टरनं कोपरानं ढोसलं तरी थांबले नाही. वाटलं, मैदान मारलं आपण. जीपच्या बॉनेटपाशी उभी होती ती बाई मेली असं मी समजत होते. ती त्या दिवशी रिक्षात बसली होती. चार माणसं हसली की आपलं ऐकलं, असं मानणारी.

निकाल पोर्टलवर आला. सुनेनं वाचला. 'हरकतदार यांनी कौटुंबिक स्वरूपाचे म्हणणे मांडले. हरकतीत तथ्य आढळून येत नाही.' सिस्टरच्या म्हणण्याला वेगळं वाक्यही नव्हतं. तिचा नवरा, त्याचा डावा डोळा, कडुनिंब, माझी खिडकी, सगळं त्या एका 'कौटुंबिक' शब्दात गोळा करून ठेवलं होतं. मी सुनेला पुन्हा वाचायला लावलं. मग जाऊन खिडकीचे गज पुसले, इतके घासून की हाताला फोड आले. शिव्या मला येतात, सिल्लोडची आहे मी. त्या दिवशी सगळ्या वापरल्या. सून आतल्या खोलीत जाऊन बसली.

काही आठवड्यांनी मैदानाला निळे पत्रे लागले. कडुनिंब पत्र्याच्या आत गेला, वरचा शेंडा तेवढा दिसतो. पत्र्यावर मोठा फलक आहे, त्यात उंच इमारत आणि तिच्या पायाशी गोल गोल झाडं काढलेली आहेत. अगदी तशीच. आणि खाली बुकिंगचा पत्ता. मी चष्मा लावून दोनदा वाचला. घराघरांत विचारून विचारून त्यांनी जो घेतला असेल, तोच पत्ता: बागेसमोर.

सिस्टरनं भाऊंना आठवडाभर बाहेर आणलं नाही. "कुठं आणू ताई?" म्हणाली. "पत्रा बघायला?"

"आण तू," मी म्हटलं. "रस्ता अजून कुणी विकला नाही."

आता आम्ही रोज रस्त्यावर बसतो. पत्र्याच्या फाटकासमोर, जिथून शेंडा दिसतो तिथं. भाऊंची खुर्ची मधे, आमच्या चार-पाच बाजूला. सुनांची उणीदुणी काढायचं काम थांबलेलं नाही, उलट माझ्या सुनेची आता आम्ही स्तुतीच करतो, कारण वरच्या कार्यालयाकडं जायचा दुसरा अर्ज तिनंच टाकला आहे. त्यातही मी इतरच आहे.

काल संध्याकाळी खडीची गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरला. तरणा होता, बोलायला नम्र. "अम्मा, जरा बाजू सरको ना. गाडी अंदर लेनी है."

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी शेंड्याकडं बघत राहिले.

"अम्मा, सुनती क्या? पाच मिनट का काम है."

भाऊंचा डावा डोळा बारीक झाला. सिस्टरनं त्यांच्या खुर्चीच्या चाकाचा ब्रेक लावला.

ड्रायव्हर परत गाडीत चढला आणि त्यानं हॉर्न दिला. मी कमरेची पिशवी सोडली, तिच्यातला खडीसाखरेचा चांगला मोठा खडा निवडला आणि तोंडात टाकला.